शिंपल्याच्या पोटात विषाचं काय होतं?



या वेळचा अभ्यास जरा वेगळा आहे. मागच्या महिन्यात नवापूर तालुक्यातल्या एका ग्रामसंघाच्या बैठकीला गेले होते. विषय होता मोत्यांचा. एका गटातल्या ताईंनी मेळाव्यात मोती संवर्धनाचा स्टॉल पाहिला होता. तळ्यात शिंपले सोडायचे, वर्ष-दीड वर्ष सांभाळायचे, मग मोती काढायचे. कर्जमागणीचा अर्ज तयार होता आणि हिशोबाचा कागदही. त्या कागदावर उत्पन्नाच्या रकान्यात मोत्यांखाली आणखी एक ओळ होती, ‘शिंपल्याचं मांस विक्री’. मोती काढला की मांस उरतंच, ते फेकायचं कशाला? आपण नदीचे खेकडे खातो, मासे खातो, मग शिंपल्यानं काय घोडं मारलंय?

तेव्हा मागे बसलेल्या एक आजी म्हणाल्या, "तळ्याचं पाणी रंगासारखं हिरवं झालं की आमची म्हातारी माणसं त्यातलं काही खाऊ देत नव्हती." सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मला उत्तर येत नव्हतं. मी एमएसडब्ल्यू केलंय, आणि रसायनशास्त्राशी माझी शेवटची भेट बारावीच्या परीक्षेत झाली. पुढच्या बैठकीत सांगते, असं म्हणून आले आणि वाचायला बसले. जे समजलं ते इथं मांडते. बैठकीत एकीनं मोठ्यानं वाचावं, बाकीच्यांनी मध्येमध्ये थांबवावं.

आपल्या जिल्ह्याला समुद्र नाही. पण शिंपल्याच्या विषबाधेची मोठी उदाहरणं समुद्रकाठची आहेत, म्हणून तिथून सुरू करू आणि मग तळ्यावर येऊ.

कोकणातल्या बायका ओहोटीला खडकावर जाऊन कालवं फोडतात, खाडीच्या चिखलातून तिसऱ्या काढतात, शिनाणे काढतात. सिंधुदुर्गात तर आपल्यासारखेच बचत गट कालवं आणि शिनाणे पाळतात. हे चांगलं, पौष्टिक अन्न आहे आणि तिथं पिढ्यानपिढ्या खाल्लं जातं. पण त्याच पश्चिम किनाऱ्यावर खाली केरळात, तिरुवनंतपुरमजवळच्या विळिंजम इथं, सप्टेंबर १९९७ मध्ये शिनाणे खाऊन ७ माणसं गेली आणि ५०० हून जास्त जणांना दवाखान्यात न्यावं लागलं. त्याआधी १९८१ मध्ये तामिळनाडूत तिसऱ्यांसारखे शिंपले खाऊन ८५ जण दवाखान्यात गेले, ३ जण दगावले. १९८३ मध्ये मंगळूरच्या खाली कुंबळे खाडीकाठी तसंच झालं आणि मंगळूरच्या मत्स्य महाविद्यालयातल्या संशोधकांनी त्याचा शोध घेतला. शिंपले शिळे नव्हते, कुजलेले नव्हते. वास नाही, चव बदललेली नाही. नेहमीसारखेच शिंपले, नेहमीसारखंच कालवण.

मग विष आलं कुठून?

शिंपला चालत जाऊन खात नाही. तो एका जागी बसून पाणी आत ओढतो, गाळतो आणि पाणी परत सोडतो. चहाच्या गाळणीत जशी पत्ती अडकते तसं त्याच्या कल्ल्यांवर सूक्ष्म शेवाळ अडकतं. तेच त्याचं जेवण. एक मोठा शिंपला दिवसभरात कित्येक लिटर पाणी गाळतो. पाण्यातलं बहुतेक शेवाळ निरुपद्रवी असतं, नव्हे, सगळ्या माशांचं पोट त्यावरच चालतं. पण काही मोजक्या जाती स्वतःच्या शरीरात विष तयार करतात. ऊन, खत, थांबलेलं पाणी असं जुळून आलं की या जाती भराभर वाढतात. एका थेंबातलं विष नगण्य असतं, पण शिंपला दिवसरात्र गाळत असतो. पंधरा दिवसांत त्याच्या पोटात किती साठेल? आपल्या गटाच्या बचतीसारखंच आहे हे. थोडं थोडं करून पेटी भरते.

तिथं एका ताईंनी विचारलं, "मग शिंपला का मरत नाही?" फार चांगला प्रश्न आहे. विळिंजमसारख्या घटनांमधल्या विषाचं नाव सॅक्सिटॉक्सिन. आपल्या नसांमधून जो निरोप जातो, हात उचल, श्वास घे, तो निरोप नसेवरच्या बारीक दारांमधून क्षार आत गेला की पुढे सरकतो. सॅक्सिटॉक्सिन त्या दारात जाऊन बसतं, बाटलीत बूच बसावं तसं. निरोप थांबतो. म्हणून आधी ओठ, जीभ, बोटांची टोकं यांना मुंग्या येतात, मग जीभ जड होते, पाय लटपटतात, आणि जास्त विष गेलं असेल तर श्वासाचे स्नायू थांबतात. शिंपल्याच्या नसांची दारं थोडी वेगळी असतात. कॅनडाच्या किनाऱ्यावरच्या एका जातीच्या शिंपल्यांवर २००५ मध्ये अभ्यास छापून आला. जिथं असं शेवाळ वारंवार येतं, तिथल्या शिंपल्यांच्या दारात एकच बारीक बदल झालेला होता, आणि त्यामुळं बूच नीट बसत नव्हतं. शिंपला मजेत जगतो आणि विष साठवत राहतो. त्याला त्रास नाही, त्रास खाणाऱ्याला.

आता आजच्या धड्याचा मुख्य भाग. मला वाटायचं, शेवाळात जे विष होतं तेच शिंपल्यात जमा होतं, पेटीत नोटा ठेवाव्यात तसं. तसं नाही. शिंपल्याच्या मांसात, खासकरून त्याच्या पचनग्रंथीत (मधोमध जो काळपट-हिरवट गोळा दिसतो ना, तो), विषाचं रूप बदलतं. कधी ते सौम्य होतं, कधी जास्त कडक होतं, आणि कधी कडकच राहतं पण तपासणीत सापडत नाही. हा तिसरा प्रकार मला सगळ्यात घातक वाटला.

सॅक्सिटॉक्सिन म्हणजे एक विष नाही, ते मोठं कुटुंब आहे. भाऊबंद पन्नासहून जास्त. सगळ्यांचं धड सारखं, शेपट्या वेगवेगळ्या. शेपटीला गंधकाचा एक जास्तीचा तुकडा चिकटलेला असेल तर विष सौम्य, मूळ सॅक्सिटॉक्सिनच्या साधारण एक दशांश ताकदीचं. काही शेवाळांत हे सौम्य भाऊच जास्त असतात. पण तो गंधकाचा तुकडा गळून पडला की तेच विष दहापट कडक होतं. शेवाळ तपासून कोणी म्हणालं की ताकद कमी आहे, तरी शिंपल्यातली ताकद तेवढीच असेल असं धरता येत नाही.

काही जातींच्या शिंपल्यांत एक विकर असतं. विकर म्हणजे पचन करणारा कामगार, दुधाला दही करतात ना, तिथंही जंतूंची विकरंच काम करतात. शिंपल्यातलं हे विकर विषाची शेपटी अर्ध्यातून कापतं. जपान आणि पोर्तुगालमधल्या काही शिंपल्यांत हे नीट पाहिलं गेलंय. आता गंमत बघा. कडक विषाची शेपटी कापली तर ते थोडं सौम्य होतं. पण सौम्य विषाची शेपटी कापली, तर गंधकाचा तुकडाही तिच्याबरोबरच जातो आणि ते आधीपेक्षा कडक होतं. कामगार तोच, कात्री तीच, पण निकाल उलटा. आणि शेजारच्याच चिखलात राहणाऱ्या दुसऱ्या जातीच्या शिंपल्यात हा कामगारच नसतो. त्यामुळं एकाच खाडीत, एकाच दिवशी काढलेल्या दोन जातींच्या शिंपल्यांत विषाची ताकद वेगळी निघते. "तिसऱ्या खाल्ल्या, काही झालं नाही" म्हणून शिनाणेही चालतील, असं होत नाही.

शिजवून काय होतं? जंगलातला कडू कंद आपण चकत्या करून, पुन्हा पुन्हा उकळून, वाहत्या पाण्यात ठेवून खातो. तिथं कडूपणा पाण्याबरोबर जातो, आणि ते पाणी आपण ओतून देतो. शिंपल्याच्या बाबतीत हा हिशोब चुकतो. उकळीनं विकर मरतं, पण सॅक्सिटॉक्सिन मरत नाही. थोडं विष रश्शात उतरतं, आणि रस्सा तर आपण पितो. मुलांना आधी रस्साच देतो.

आता दुसरं कुटुंब. याचं नाव ओकाडाइक आम्ल. यानं माणूस सहसा मरत नाही, पण जुलाब, उलट्या, पोटात मुरडा, दोन-तीन दिवस आडवं. जपानमध्ये १९७० च्या दशकात शिनाणे आणि तसेच शिंपले खाऊन लोक असे आजारी पडले तेव्हा हे विष ओळखलं गेलं. शिंपला या विषावर काय करतो? त्याला चरबी चिकटवतो. अंगाला तेल चोपडावं तसं नाही, पक्की जोडणी करतो. चरबी चिकटल्यावर विष शिंपल्याला जाचत नाही, त्याच्या मांसात निवांत पडून राहतं. पण आपण तो शिंपला खाल्ला की आपल्या पोटातला पाचक रस तीच चरबी सोडवतो. चरबी पचवणं हेच तर त्याचं काम! आणि आतलं विष मोकळं होतं.

तपासणारे इथं फसायचे. ते फक्त मोकळं विष शोधायचे. चरबी पांघरलेलं विष यंत्राला दिसायचं नाही, कागदावर ‘सुरक्षित’ लिहून यायचं. मग त्यांनी काय केलं माहीत आहे? जे आपल्या साबणाच्या गटातल्या ताया करतात तेच. कॉस्टिक सोडा! तेलात कॉस्टिक घातलं की तेल तुटतं आणि साबण होतो, हे तुम्ही हातमोजे घालून कितीदा केलंय. प्रयोगशाळेत शिंपल्याच्या अर्काला कॉस्टिक घालून गरम करतात. चरबी तुटते, विष मोकळं होतं, मग मोजतात. आधीची मोजणी आणि नंतरची मोजणी यातला फरक म्हणजे शिंपल्यानं लपवलेलं विष. हे वाचलं तेव्हा मला साबणाचं प्रशिक्षण आठवून हसू आलं. आपण जे परातीत करतो त्याला तिथं मोठं नाव आहे, एवढंच.

खेकडे खाणाऱ्यांसाठी एक गोष्ट. पोर्तुगालमध्ये एका खाडीत लोक खेकडे खाऊन आजारी पडले. खेकडा काही पाणी गाळत नाही. पण तो शिंपले खातो. शिंपल्यानं चरबी लावून ठेवलेलं विष खेकड्यात आलं आणि तिथून माणसात. खेकड्याच्या पाठीच्या कवचाखाली जो पिवळट-तपकिरी भाग असतो, जो पुष्कळ जणींना सगळ्यात चविष्ट लागतो, तीच त्याची पचनग्रंथी, आणि विष तिथंच जास्त साठतं.

सगळंच बिघडतं असंही नाही. शेवाळातलं आणखी एक विष आहे, त्याच्या रेणूची गोल कडी बंद असते. शिंपल्याच्या पोटात विकर ती कडी उघडतं आणि विषाचा दात पडतो. शिनाणे स्वच्छ पाण्यात राहिले तर काही आठवड्यांत पुष्कळ विष बाहेर टाकतात. पण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचा एक मोठा शिंपला सॅक्सिटॉक्सिन दोन-दोन वर्षं धरून ठेवतो. त्याच्याच शास्त्रीय नावावरून या विषाला नाव मिळालंय. कुणाच्या घरी पाहुणा दोन दिवसांत जातो, कुणाच्या घरी दोन वर्षं राहतो.

आता आपल्या तळ्यावर येऊ. गोड्या पाण्यात जे विषारी शेवाळ येतं त्याला निळं-हिरवं शेवाळ म्हणतात. खरं तर ते जंतूंच्या जवळचं आहे, पण दिसतं शेवाळासारखं. उन्हाळ्यात पाणी आटलेलं, वारा नाही, वरून शेतातलं खत आणि जनावरांचं शेण वाहून आलेलं, की हे फोफावतं. त्याचं सगळ्यात जास्त आढळणारं विष मायक्रोसिस्टीन, ते यकृतावर म्हणजे काळजावर घाव घालतं. काही जाती तर गोड्या पाण्यातही सॅक्सिटॉक्सिन करतात. १९९१ मध्ये ऑस्ट्रेलियातली डार्लिंग नदी सुमारे १००० किलोमीटर अशी हिरवी पडली, पाणी पिऊन जनावरं मेली, आणि पुढं तपासलं तर नदीतल्या शिंपल्यांमध्येही हे विष साठतं हे दिसलं. म्हणजे समुद्र नाही म्हणून आपण मोकळ्या, असं नाही.

तळ्यातला शिंपला मायक्रोसिस्टीनचं काय करतो? दोन गोष्टी. एक, त्याच्या पेशीत ग्लुटाथायोन नावाचा पदार्थ असतो (आपल्या यकृतातही असतो), तो विषाला धरतो. असं धरलेलं विष पाण्यात सहज विरघळतं आणि बाहेर टाकता येतं. ही झाली सफाई. दोन, काही विष त्याच्या मांसातल्या प्रथिनाला कायमचं चिकटून बसतं आणि साध्या तपासणीत निघत नाही. इथंही तीच लपवाछपवी. उकळून मायक्रोसिस्टीन जात नाही. पाणी आटवलं तर उलट दाट होतं.

मोत्याच्या शिंपल्याला हिरवं पाणी लागतंच, तेच त्याचं खाणं. म्हणून प्रशिक्षणात तळ्यात चुना आणि शेण टाकायला सांगतात, पाणी हिरवं व्हावं म्हणून. प्रश्न आहे, कुठलं हिरवं? दोन घरगुती पारख सांगते, दोन्ही फुकटच्या आहेत. हात न लावता लांब काठी पाण्यात फिरवून वर काढा. केसांसारखे धागे लोंबले तर ते साधं धाग्याचं शेवाळ. काठीला रंगाचा डबा बुडवल्यासारखा थर बसला तर संशय घ्या. दुसरी, हातमोजे घालून पारदर्शक बाटलीत पाऊण भाग पाणी भरा आणि रात्रभर न हलवता ठेवा. सकाळी हिरवं सगळं वर तरंगत आलं असेल तर ते निळं-हिरवं शेवाळ असण्याची शक्यता मोठी, कारण त्याच्या पेशीत हवेच्या पिशव्या असतात. या पारखीनं शेवाळ कळतं, विष कळत नाही. निळ्या-हिरव्या शेवाळाच्या प्रत्येक जातीत विष असतंच असं नाही, ते प्रयोगशाळेतच कळतं. पण शेळी पाजायची की नाही हे ठरवायला एवढं पुरे. पशुसखींनी हे मुद्दाम लक्षात ठेवावं. वारा ज्या काठाला शेवाळ ढकलतो त्या काठाला जनावर पाणी प्यायला नेऊ नये, कारण थर तिथंच दाट असतो.

आणि मोरचूद टाकून शेवाळ मारायची घाई नको. शेवाळ मेलं की पेशी फुटते आणि आतलं विष एकदम पाण्यात येतं. ऑस्ट्रेलियातल्या पाम बेटावर १९७९ मध्ये पिण्याच्या पाण्याच्या धरणात असंच औषध टाकलं, आणि काही दिवसांत १४८ जण दवाखान्यात गेले. त्यात बहुतेक लहान मुलं.

कामासाठी सुरतकडे किंवा कोकणात जाणाऱ्या मैत्रिणींसाठी: शिंपले खाल्ल्यावर अर्ध्या तासात, काही तासांत ओठ-जिभेला मुंग्या आल्या, बोबडी वळली, तोल गेला, तर ‘झोपून बरं वाटेल’ म्हणू नका. १०८ ला फोन करा आणि डॉक्टरांना "शिंपले खाल्लेत" हे आधी सांगा. या विषावर उतारा औषध नाही. पण श्वास चालू ठेवला, गरज पडली तर यंत्रानं, तर शरीर स्वतःच विष बाहेर टाकतं आणि माणूस वाचतो. उरलेलं कालवण फेकू नका, झाकून बरोबर न्या. चांदीचं नाणं टाकून पाहणं, लसूण काळा पडतो का बघणं, यातून काहीच कळत नाही. जगभर मानली जाणारी मर्यादा आहे, एक किलो मांसात सॅक्सिटॉक्सिन ८०० मायक्रोग्रॅमच्या आत. मायक्रोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा दहा लाखावा भाग. हे डोळ्याला, जिभेला, नाण्याला कसं कळणार?

परवा त्या ग्रामसंघात परत गेले. हे सगळं सांगितलं, दीड तास लागला, चहा दोनदा झाला. गावतळ्यात गुरं धुतात आणि वरच्या शेतातलं खताचं पाणी उतरतं, म्हणून तळं बदलून एका ताईंच्या शेततळ्याचा विचार चालू आहे. मोत्यांचा अर्ज कायम आहे, पण पाण्याच्या तपासणीचा खर्च त्यात नव्यानं धरलाय. मांस कोंबड्यांना घालायचं का, हेही निघालं, पण कोंबडीलाही यकृत असतं, म्हणून ते खड्ड्यात पुरून खत करायचं ठरलं. ‘मांस विक्री’ची ओळ सचिवताईंनी लाल पेनानं खोडली आणि बेरीज पुन्हा मांडली. नफा कमी दिसतोय, हप्ता बसतो का ते येत्या बैठकीत बघणार आहोत. आजी म्हणाल्या, "मी हेच तर सांगत होते, तुम्हाला दीड तास लागला."

— तुमची क्षेत्र समन्वयक